स्पायडरमॅनचं प्रगतिपुस्तक

परवा नातवाबरोबर स्पायडरमॅनचं जुनं कार्टून पाहत बसले होते. १९६७ सालचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर त्याच्या बाबानं भान हरपून पाहिलेलं. पहिल्या सीझननंतर दुसरा लावला, तर नातू म्हणाला, "आजी, हा काही खास नाही. नुसते झोकेच घेतोय!"

खरंच, इमारतींवरून झोके घेण्याची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा येत होती. मग जरा शोधाशोध केली.

पहिला सीझन ग्रँट्रे-लॉरेन्स या स्टुडिओचा. पैसा तेव्हाही बेताचाच. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात आणि चित्रं काढायची हातानं. म्हणून पोशाखावरचं जाळंसुद्धा मुखवटा, हातमोजे, बूट एवढ्यापुरतंच. बाकी अंग बरंचसं कोरं. तरी डॉक्टर ऑक्टोपस, ग्रीन गॉब्लिन असे कॉमिक्समधले खलनायक होते, त्यामुळे मजा यायची. पुढे तो स्टुडिओच दिवाळखोरीत निघाला. काम स्टीव्ह क्रँट्झच्या कंपनीकडे गेलं आणि सूत्रं राल्फ बाक्शी या तरुणाकडे आली. पैसा आणखी आटला. तिसऱ्या सीझनमध्ये तर याच कंपनीच्या 'रॉकेट रॉबिनहुड' या मालिकेतली चित्रं उचलून, त्यात स्पायडरमॅन घालून भाग उभे केले. नावाजलेले खलनायकही जवळजवळ गायबच झाले.

पण गंमत अशी, की पीटर पार्कर स्पायडरमॅन कसा झाला, त्याचा काका कसा गेला, ही मूळ गोष्ट सांगितली ती दुसऱ्याच सीझनच्या आरंभी! आणि तिथले ते गडद, रंगीबेरंगी आभाळ मला तरी आवडलं. हाताशी काही नसताना माणसं धडपडत होती.

हे वाचताना एक जुना विद्यार्थी आठवला. पहिल्या सहामाहीत हुशार, दुसऱ्या सहामाहीत पार घसरलेला. मी प्रगतिपुस्तकात शेरा मारला, 'अभ्यासात लक्ष नाही.' साल होतं १९८२. मुंबईतला गिरणी संप चालू होता आणि वडील गिरणीत. मुलगा संध्याकाळी भाजीच्या गाडीवर उभा राहायचा, हे मला पुढच्या वर्षी कळलं. तो शेरा खोडायचा मात्र राहूनच गेला.

नातवाला म्हटलं, "दुसरा सीझन पुन्हा एकदा लाव बरं."