फोलेट कमी आलंय? गोळी सुरू करण्याआधी बी-१२ चा आकडा बघा

जेवण जात नाही, जिभेची आग होते, दोन हंडे पाणी आणलं तरी धाप लागते. खुरपायला बसलं तर अर्ध्या सरीतच थांबावं लागतं. अशा तक्रारी घेऊन तालुक्याला गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एक सलाईन लावलं जातं आणि सोबत 'ताकदीची' बाटली मिळते. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला सांगतं आणि रिपोर्टमध्ये एका नावापुढे 'कमी' असं येतं. ते नाव असतं फोलेट.

घरी आल्यावर खरा गोंधळ सुरू होतो. फोलेट म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं. मेडिकलवाला फॉलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी देतो, ती स्वस्तही असते. गोळी चांगलीच आहे, पण एकटीच घेतली तर काही लोकांचं त्यात मोठं नुकसान होऊ शकतं. ते कसं, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

पानातलं जीवनसत्त्व, शोध परळचा

फोलेट म्हणजे बी गटातलं नववं जीवनसत्त्व, बी-९. लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणजे पान. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हा पदार्थ वेगळा काढला गेला, म्हणून हे नाव पडलं. गोळीत असतं ते फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे याचंच कारखान्यात तयार केलेलं रूप.

या शोधाची सुरुवात मात्र मुंबईत झाली. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून त्यांनी गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. ज्यांचं जेवण सगळ्यात तुटपुंजं होतं, त्या गरीब बायकांना हा आजार जास्त होत होता. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला, म्हणजे मार्माइट नावाचा पावाला लावून खायचा काळा पदार्थ. बायकांचं रक्त सुधारलं. १९३१ मध्ये हे छापून आलं. त्या काळी दुसऱ्या एका रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क चालायचा, तो या बायकांना लागू पडला नाही. म्हणजे वरून सारख्या दिसणाऱ्या आजारामागे दोन वेगळ्या उणिवा होत्या. एक फोलेटची, दुसरी बी-१२ ची. आज जो गोंधळ होतो, तोही नेमका या दोघांचाच.

लक्षणं सारखी, फरक मुंग्यांचा

शरीरात नवीन पेशी तयार व्हायला फोलेट लागतं. रक्ताच्या तांबड्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात, म्हणून उणीव पडली की पहिला फटका तिथे बसतो. पेशी नीट वाटल्या जात नाहीत, संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होतात. त्यातून थकवा, धाप, छातीत धडधड, फिकटपणा येतो. जीभ लालबुंद, गुळगुळीत होते, तिखट सोसत नाही, तोंड वारंवार येतं. काहींना जुलाब होतात, भूक मरते. चिडचिड होते, मन उदास राहतं. 'बाईचा स्वभाव बदलला' असं घरात बोललं जातं, पण तिचं रक्त कुणी तपासत नाही.

बी-१२ कमी झालं तरी हेच सगळं होतं. त्यात एक भर पडते. पायाच्या तळव्यांना, बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात बांधावरून चालताना तोल जातो. हे नसांचं दुखणं आहे. मुंग्या असतील तर फक्त फोलेटवर समाधान मानू नका.

आता धोका समजून घ्या. बी-१२ कमी असलेल्या माणसाने नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त काही प्रमाणात सुधारतं. हिमोग्लोबिन वाढतं, माणूस म्हणतो गुण आला. नसांची झीज मात्र आतल्या आत चालू राहते आणि फार उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. पिवळ्या पडलेल्या पिकाला लोह कमी आहे की नत्र, हे न बघता युरिया टाकून मोकळं व्हायचं, तसलाच हा प्रकार.

आपल्याकडे ही भीती जास्त खरी आहे. बी-१२ पालेभाजीत, डाळीत, धान्यात नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं. माळकरी घरात मांसाहार नाही. गोठ्यात दोन म्हशी असल्या तरी दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, घरात राहतं ते चहापुरतं.

रिपोर्ट कसा वाचायचा

पहिली तपासणी सीबीसीची. सरकारी दवाखान्यातही ती होते. त्यात हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. साधारण ८० ते १०० च्या मध्ये असावा. १०० च्या वर गेला तर फोलेट किंवा बी-१२ ची शंका घेतात. दारू, यकृताचा आजार आणि थायरॉईड यांमुळेही तो वाढतो.

यात एक मेख आहे. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, फोलेट कमी असेल तर मोठ्या. बायकांमध्ये दोन्ही एकदम कमी असणं काही नवल नाही. गोल्टी आणि मोठा कांदा एकाच गोणीत भरून सरासरी काढली तर माल मध्यम वाटतो, तसा एमसीव्ही अशा वेळी ठीकठाक दिसतो. त्याच कागदावर आरडीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. तो १५ च्या वर असेल तर लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे असं समजतात. डॉक्टरांना हा आकडा मुद्दाम दाखवा.

फोलेट आणि बी-१२ ची तपासणी बहुतेकदा खासगी लॅबमध्ये पैसे मोजून करावी लागते. एकच परवडत असेल तर काय करावं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. रक्तातलं फोलेट साधारण ४ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर कमी धरतात. बी-१२ चा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली कमी, २०० ते ३०० शंकेचा. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो.

फोलेटच्या आकड्यावर एकदम विश्वासही ठेवू नये. तो मागच्या काही दिवसांच्या जेवणावर हलतो. आठवडाभर आजारी पडून उपाशी राहिलेल्या माणसाचा आकडा खाली येतो, दोन दिवस चांगलं जेवलं की वर जातो. रक्त काढताना किंवा नेताना नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर तो खोटाच जास्त येतो. म्हणून लक्षणं, सीबीसी आणि हा आकडा असे तिन्ही एकत्र बघायचे असतात.

कमी झालं कशामुळे?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. शरीरात फोलेटचा साठा तीन-चार महिनेच पुरतो. बी-१२ चा साठा काही वर्षं टिकतो. त्यामुळे एक उन्हाळा भाकरी-चटणीवर काढला तरी फोलेट घसरू शकतं. रोजची दारू हे मोठं कारण आहे. एक तर पिणारा जेवत नाही, आणि खाल्लेलं फोलेट दारू अंगी लागू देत नाही. महिनोन् महिने जुलाब असतील तर आतड्याचा आजार असू शकतो, तो शोधल्याशिवाय गोळीचा उपयोग टिकत नाही.

काही औषधंही कारण असतात. फिट्सवरची फेनिटॉइन फोलेट कमी करते. पण इथे उलटाही धोका आहे. फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस घेतला तर फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण घटून फिट परत येऊ शकते, म्हणून अशा रुग्णाने आपल्या मनाने काही सुरू करू नये. सांधेवातावर मेथोट्रेक्सेट देतात, त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड लिहून दिलेलं असतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दोन्ही गोळ्यांची अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार मराठीत लिहून घ्या. साखरेवरची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची रोजची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, हेही डॉक्टरांना सांगा.

नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. निरोगी माणसाची तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये १० ते २० दिवसच. नव्या पेशी सतत कराव्या लागतात म्हणून फोलेट जास्त खर्च होतं आणि डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कायम ठेवतात. बरं वाटतंय म्हणून ती बंद करू नये.

आणि शेळीचं दूध. गावाकडे तान्ह्या बाळाला ते हलकं म्हणून पाजतात. त्यात फोलेट फारच कमी असतं. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना याच उणिवेचा रक्तक्षय होतो, हे जुन्या काळापासून माहीत आहे.

नव्या सुनेला कुणी सांगत नाही

गर्भाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. फोलेट कमी असेल तर ती उघडी राहून बाळाला मणक्याचा किंवा डोक्याचा दोष होण्याचा धोका वाढतो. पाळी चुकली, मग आशाताईंकडे नाव घातलं, असं करेपर्यंत दीड-दोन महिने गेलेले असतात. म्हणून गोळी गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधी सुरू करायची, रोज ४०० मायक्रोग्रॅम, पहिले तीन महिने. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या मातांमध्ये मोठ्या डोसने हा धोका ७२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. अशा मातांना डोस दहापट लागतो, तो डॉक्टरच ठरवतात. मेडिकलमध्ये सहज मिळणारी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅमची असते, हे लक्षात ठेवा.

चौथ्या महिन्यापासून उपकेंद्रात लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. १८० दिवस बाळंतपणाआधी आणि १८० दिवस नंतर घ्यायची. शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून कित्येक गोळ्या डब्यात पडून राहतात. रात्री जेवणानंतर घेऊन बघा. काळी शौच लोहामुळे होते, घाबरायचं कारण नाही.

ताटात काय असावं

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३०० मायक्रोग्रॅम, बाईला २२०, गरोदरपणी ५७० फोलेट लागतं, असं आयसीएमआरने २०२० मध्ये सांगितलं आहे. शिजवलेली मसूर १०० ग्रॅम, म्हणजे एक लहान वाटी घेतली तर १८० च्या आसपास मिळतं. चवळीच्या तेवढ्याच उसळीत सुमारे २००, हरभऱ्यात १७०. मेथी, पालक, शेंगदाणे, अंड्याचा बलक, भेंडी, बीट यांतही आहे. उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते, तेव्हा मोडाची मटकी-मूग कामाला येतात. मोड आले की फोलेट वाढतं.

फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने उडतं. अंबाडीसारखी भाजी उकडून पाणी पिळून टाकलं की बरंचसं त्याच्यासोबत मोरीत जातं. भाजी आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून थोडक्यात शिजवा. कटाची आमटी करणाऱ्या घरात ते पाणी तरी वाया जात नाही.

गोळी सुरू झाल्यावर

उणीव पक्की झाली असेल तर डॉक्टर साधारण चार महिने गोळी देतात. बी-१२ ही कमी असेल तर त्याची इंजेक्शनं किंवा गोळ्या आधी किंवा सोबत सुरू होतात. आठ-दहा दिवसांत जिभेची आग कमी होते, भूक लागते. हिमोग्लोबिन जागेवर यायला दोन महिने लागतात. इथेच बरेच जण थांबतात, कारण बरं वाटायला लागलेलं असतं. मुंग्या मात्र लवकर जात नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात.

महिन्याभराने सीबीसी पुन्हा करा आणि जुना कागद सोबत न्या. मोबाईलमध्ये फोटो असला तरी चालतो. हिमोग्लोबिन हललंच नसेल तर गोळी वाढवून मागू नका. लोह, थायरॉईड, पाळीत जास्त जाणारं रक्त, पोटातले जंत यांपैकी काय तपासायचं राहिलं, ते विचारा. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर महिना संपायची वाट न बघता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा.