कडक सावली सौम्य करणे (छायाचित्रण)

छायाचित्रातली गडद, धारदार कडेची सावली संपादनाच्या सॉफ्टवेअरने उजळ आणि मऊ करण्याची प्रक्रिया. फोटोवाल्यांच्या बोलण्यात ‘शॅडो उचलणे’ किंवा ‘शॅडो ओपन करणे’. लग्नाचे अल्बम, व्यक्तिचित्रे, घरविक्रीच्या जाहिराती, वृत्तछायाचित्रे अशा सगळ्या कामांत ती लागते. सावली कशी पडते हे जागा, वेळ आणि ऋतू ठरवतात. म्हणून ही नोंद मीरा-भाईंदरचे ऊन समोर ठेवून लिहिली आहे.

सावलीला दोन गुण असतात, काळेपणा आणि कड, आणि दोन्हींची कारणे वेगळी. सूर्य अडला तरी त्या जागी आकाशाचा आणि आसपासच्या भिंती-जमिनीचा थोडा उजेड पोचतच असतो. तो जितका कमी, तितकी सावली काळी. कड मात्र प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो यावर ठरते. सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढे असते. त्यामुळे सावलीभोवतीची उपच्छाया, म्हणजे उजेडाकडून काळोखाकडे जाणारी पट्टी, अडवणारी वस्तू जितकी दूर असेल त्या अंतराच्या सुमारे एकशेआठाव्या भागाएवढीच रुंद होते. भिंतीपासून एक मीटरवर हात धरला, तर ही पट्टी साधारण नऊ मिलिमीटरची. नवरीच्या गालापासून अडीच-तीन सेंटिमीटरवर लोंबणाऱ्या मुंडावळीची सावली पडली, तर पाव मिलिमीटरची. ती पेनाने रेघ ओढल्यासारखी दिसते ती यामुळे. ढग आले की सूर्याऐवजी अख्खे आकाशच दिवा होते आणि कड विरघळते. ‘शॅडोज’ नावाचा स्लायडर फक्त काळेपणावर चालतो, कडेला तो हात लावत नाही. नवशिक्याची पहिली निराशा इथेच होते: सावली फिकट होते, पण तिची रेघ जागच्या जागी राहते.

मीरा-भाईंदर सुमारे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या १६-१७ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २६-२७ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाखाली नाहीशी होते. मेमध्ये ही वेळ घड्याळात साधारण १२.३५ ची असते. त्या वेळी काढलेल्या चेहऱ्यात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली वरच्या ओठावर उतरते आणि हनुवटीखालचा गळा हरवतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो. सावली तिरकी, लांब आणि चित्राला उपयोगी पडणारी मिळते. जुलैत बहुधा पाऊसच असतो, आणि ढगाळ आकाशाखाली हे संपादन करायची वेळच येत नाही.

एकाच शहरात उजेडाची जातही बदलते. भाईंदरच्या मिठागरांत पांढऱ्या मिठाचे ढीग आणि भोवतीचे पाणी ऊन खालून वर फेकतात. तिथे उभ्या माणसाच्या हनुवटीखाली आपोआप उजेड भरतो. शूटिंगवाले थर्माकोलची शीट धरून जे करतात, तेच. उत्तनची ओली, काळपट वाळू ऊन गिळते, म्हणून तिथली सावली अधिक खोल. मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रो ९ च्या उन्नत मार्गामुळे निम्मा रस्ता सावलीत आणि निम्मा उन्हात असतो. दुभाजकाजवळ काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन वेगळे उजेड सांभाळावे लागतात. कडक उन्हातला आणि मोकळ्या सावलीतला फरक साधारण तीन स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे आठ पटींचा असतो.

सावली हलकी करण्याचे काम सॉफ्टवेअरने शोधलेले नाही. निगेटिव्हवर सावलीचा भाग पारदर्शक असतो. जुन्या स्टुडिओंतले रिटचर तिथे टोकदार पेन्सिलीचा अगदी हलका हात फिरवत. तेवढा भाग घट्ट झाला की प्रिंटवर तो उजळ उतरे. एनलार्जरखाली डॉजिंग करताना, म्हणजे प्रिंटचा एखादा भाग उजळ ठेवताना, तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती प्रकाशाच्या वाटेत सतत हलवत, म्हणजे तिची कड कागदावर उमटत नसे. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले. त्यातल्या डॉज साधनाचे चित्र म्हणजे तीच काडीवरची चकती आणि बर्नचे, म्हणजे भाग गडद करणाऱ्या साधनाचे, चित्र म्हणजे वळलेला हात. डार्करूम गेली, तिची खूण पडद्यावर राहिली. २००३ च्या फोटोशॉप सीएसमध्ये ‘शॅडो/हायलाइट’ ही आज्ञा आली. गिम्प, डार्कटेबल आणि मोबाइलवरचे स्नॅपसीड यांतही आज तशी सोय आहे, आणि ती फुकट मिळते.

सावलीत किती उचलण्यासारखे शिल्लक आहे, हे फाइलवर अवलंबून असते. बारा बिटांच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या, फाइलमध्ये उजेडाच्या ४,०९६ पायऱ्या असतात, पण त्यांची वाटणी सारखी नसते. सर्वांत उजळ स्टॉपला २,०४८ पायऱ्या मिळतात, पुढच्याला १,०२४, आणि असे अर्धे होत होत सहाव्या स्टॉपला अवघ्या ६४. हा सहावा स्टॉप म्हणजेच डोळ्यांच्या खोबणीतला काळोख. तो तीन स्टॉपने वर आणायचा म्हणजे आठ पटींनी वाढवायचा, आणि त्यातले नॉइजचे दाणेही आठ पटींनी वाढतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असल्याने तिथे पट्टे आणि चौकटी लवकर दिसू लागतात. ज्याला नंतर सावली उचलायची आहे, त्याने रॉमध्येच काढावे आणि कपाळावरचे ऊन फाटू न देता जमेल तेवढे एक्स्पोजर द्यावे.

एक चित्र जवळून पाहू. मे महिना, उत्तनचा किनारा, कलत्या दुपारची वेळ. कोळणीच्या डोक्यावर पाटी आहे. पाटीची सावली कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, हनुवटी आणि खांदे उन्हात, मागे दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. सबंध चित्राचा ‘शॅडोज’ स्लायडर वर नेला, तर चेहऱ्याबरोबर बोंबलांमधल्या फटीही करड्या होतात आणि चित्रातली दुपार जाते. म्हणून आधी हायलाइट्स थोडे खाली, शॅडोज अगदी थोडे वर, आणि ‘ब्लॅक्स’ किंचित खाली, म्हणजे काळ्याला तळ राहतो. मग फक्त डोळ्यांच्या पट्ट्यावर मास्क. मऊ कडेचा ब्रश, फ्लो दहा टक्क्यांच्या आसपास, आणि एका दमात न भरता चार-पाच हात. बुबुळ आणि पापण्यांमधला फरक वाचता आला की थांबायचे. आता दिसते की उचललेला भाग निळसर आहे, कारण तिथे सूर्य नव्हता, निळ्या आकाशाचाच उजेड होता. त्याच मास्कवर रंगतापमान थोडे उबदार केले की डोळे आणि हनुवटी एकाच माणसाचे दिसू लागतात. नॉइजही त्याच भागापुरता कमी करायचा.

राहिली नाकावरून जाणारी पाटीची कड. त्यासाठी ‘फ्रीक्वेन्सी सेपरेशन’ ही पद्धत चालते: चित्राचे दोन लेअर करायचे, खालच्यात रंग-उजेडाचे ढोबळ चढउतार आणि वरच्यात त्वचेचा पोत. खालच्या लेअरमध्ये कड पुसट केली, तरी वरच्या लेअरमधली छिद्रे आणि सुरकुत्या शाबूत राहतात. घाईत अख्खा चेहराच ब्लर केला, तर मेणाचा पुतळा तयार होतो.

लग्नात वेगळी अडचण येते. मुंडावळीची रेघ बारीक असल्याने ती हीलिंग ब्रशने निघते, कारण शेजारीच तीच त्वचा उन्हात उपलब्ध असते. पण लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सावलीच रंगीत असते. तिथे उजेड वाढवला की पिवळेपणाही वाढतो, आणि नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. अशा वेळी आधी रंग सुधारावा, मग सावलीला हात घालावा. क्रम उलटला की काम दुप्पट होते.

अति केल्याच्या खुणा ओळखू येतात. डोक्याभोवती उजळ वलय, म्हणजे ‘हॅलो’, हा सर्वांत ठळक दोष. सॉफ्टवेअर चित्राची अंधूक केलेली प्रत बनवून कोणता भाग सावलीचा हे ठरवते. ही अंधूकता कडेपलीकडे सांडते तिथे वलय येते. ‘रेडियस’ बदलून किंवा कड जपणारे फिल्टर वापरून ते कमी होते. अशा फिल्टरांपैकी बायलॅटरल फिल्टर १९९८ पासून माहीत आहे. दुसरी खूण म्हणजे पायाखालची सावलीही पुसून टाकणे. माणूस मग जमिनीवर उभा वाटत नाही.

सगळ्यांत गंभीर दोष त्वचेच्या रंगाचा. आपल्याकडे सावली उचलता उचलता सावळा माणूस गोरा होतो, आणि बऱ्याचदा ते मागणीवरूनच केले जाते. या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे हात चालवणाऱ्याने पक्के धरले पाहिजे. सावली हा त्या क्षणीच्या उन्हाचा गुण आहे, वर्ण त्या माणसाचा. समुद्रावर आयुष्य काढलेल्या बाईचा तांबूस-काळा गाल उन्हातल्या भागात जसा आहे, तसाच सावलीतल्या भागात यायला हवा. उन्हात पडलेला तिचा दंड किंवा हनुवटी नमुना म्हणून घ्यावी आणि त्यापुढे एक पायरीही जाऊ नये.

२०२० च्या सुमारास चेहऱ्यावरच्या सावल्या शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कने काढण्याचे संशोधन पुढे आले. त्यात दुसऱ्या वस्तूची चेहऱ्यावर पडलेली परकी सावली आणि चेहऱ्याची स्वतःची सावली असा भेद केला जातो. तो उपयोगाचा आहे: पाटीची सावली काढता येईल, पण नाकाची काढली तर नाकच सपाट होते.

वृत्तछायाचित्रात सावली हलकी करणे चालते, चित्रातला मजकूर बदलणे चालत नाही. २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पहिल्या आलेल्या पॉल हॅन्सन यांच्या गाझातील अंत्ययात्रेच्या चित्रावर आक्षेप आला. तज्ज्ञांनी मूळ रॉ फाइल तपासली आणि रंग व उजेडावर काम झालेले असले तरी चित्र जोडून बनवलेले नाही, असा निर्वाळा दिला.

पासपोर्टच्या फोटोत याची सवलत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत चेहऱ्यावर किंवा पाठीमागे सावली चालत नाही, आणि चित्रात फेरफारही मान्य नाही. तिथे स्टुडिओवाला गिऱ्हाइकाचे स्टूल भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ओढतो आणि दोन्ही बाजूंना छत्री लावलेले दिवे ठेवतो.