सदा चारा आणि सदाचारा

मोरोपंतांचे नाव निघाले की हल्ली बरेच जण नाक मुरडतात. "नुसती यमकांची कसरत!" एवढे म्हटले की निकाल लागला. मला मात्र वाटते की आपण हा खेळ चुकीच्या इंद्रियाने खेळतो आहोत. तो होता कानाचा आणि आपण खेळतो डोळ्यांनी.

ओळीच्या शेवटी एखादे अक्षर जुळवणे एवढेच जुन्या कवींचे यमक नव्हते. तीच अक्षरे, त्याच क्रमाने पुन्हा यायची, पण अर्थ मात्र वेगळा. वर्गात मी एक घरगुती उदाहरण फळ्यावर लिहीत असे:

गोठ्यात घाला सदा चारा ।
घरात पाळा सदाचारा ॥

काव्य म्हणून याला कवडीचे मोल नाही, पण गंमत कळते. कानावर दोन्ही वेळा तीच चार अक्षरे पडतात. ती कुठे तोडायची हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. एका तोडीत गाय दिसते, दुसरीत माणूस.

सतराव्या शतकातल्या वामनपंडितांना या नादापायी 'यमक्या वामन' असे नाव पडले. पुढे मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर कमाल केली. पराडकरांचे हे घराणे मूळचे आपल्या राजापूरकडच्या सौंदळचे. पंतांचा जन्म पन्हाळ्याचा आणि आयुष्य गेले बारामतीला, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने, पुराण सांगण्यात. त्यांची एकशे आठ रामायणे प्रसिद्धच आहेत. त्यांतले एक 'निरोष्ठ रामायण'. म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरे वर्ज्य. आता 'राम' या नावातच 'म' आहे! ज्याची कथा सांगायची त्याचेच नाव घ्यायचे नाही, असे कोडे पंतांनी स्वतःला घालून घेतले.

पण ही कोडी सोडवत कोण असे? पुराणाला, कीर्तनाला बसलेली मंडळी. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती पोथी नसायची. आणि पोथी असती तरी काय? हस्तलिखितात शब्दांमध्ये जागा सोडत नसत, अक्षरांची सलग माळ असे. मोडीतही तीच तऱ्हा. त्यामुळे शब्द तोडणे हे वाचणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे रोजचेच काम होते. बुवांनी चरण म्हटला, क्षणभर थांबले, आणि श्रोत्यांना तोड सापडली की मान डोलली. शिवाय असा चरण एकदा कानात बसला की सहसा निघत नसे. ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते, त्यांचे पुस्तक म्हणजे हे यमक.

मग छापखाना आला. १८५४ साली परशुरामपंत गोडबोल्यांचे 'नवनीत' निघाले आणि जुनी कविता शाळेशाळेत पोचली. हे उपकार थोडे नव्हेत. पण छापील पानावर हळूहळू शब्द सुटे झाले, चिन्हे आली. कोडे छापणाऱ्यानेच सोडवले आणि वाचकाला नुसते उत्तर मिळाले. सोडवलेले कोडे कुणाला गोड लागणार? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची बाजू मांडली, पण वारे बदलले होते. आपल्याच मालगुंडला १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांनी कवितेला निराळी वाट दाखवली. ती वाट हवीच होती. मात्र तिकडे जाताना सभेत बसून ऐकण्याची आपली सवय मागे पडली.

यात गेले ते केवळ जुने यमक नव्हे. भाषा कानाने तपासण्याची सवय गेली. आज मुले कविता मनातल्या मनात वाचतात आणि प्रश्नोत्तरे लिहून मोकळी होतात. ओळ जिभेवरून जातच नाही.

तेव्हा मंडळी, घरात नातवंडे असतील तर एक करा. पंतांची एखादी आर्या त्यांना न दाखवता म्हणून दाखवा. अर्थ सांगू नका. कुठे तोडायचे ते त्यांनाच शोधू द्या. चुकतील, हसतील, पुन्हा म्हणायला लावतील. पंतांना याहून वेगळे काय हवे होते?