खळ्याचे घर होताना

महाराष्ट्रातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या उघड्या खळ्यावर मळणी करीत आला. इंग्लंडात पावसाचा भरवसा नाही. म्हणून तेथील शेतकऱ्याने खळेच छपराखाली घेतले. इंग्रजीत जिला 'बार्न' म्हणतात, ती इमारत म्हणजे कोठार आणि खळे यांचा संगम होय. दोन्ही बाजूंस पेंढ्या रचावयाच्या, मधल्या जमिनीवर हिवाळाभर त्या झोडपावयाच्या आणि समोरासमोरची दोन प्रचंड दारे उघडून येणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणावयाचे, अशी ही व्यवस्था. एसेक्स परगण्यातील क्रेसिंग टेंपल येथे तेराव्या शतकात टेंपलर सरदारांसाठी उभारलेली ओक लाकडाची दोन कोठारे आजही उभी आहेत.

इमारत टिकली, तिचे काम मात्र गेले. १७८६ च्या सुमारास अँड्र्यू मिकल याने मळणीयंत्र सिद्ध केले. हिवाळ्यातील रोजगार बुडू लागला, तेव्हा १८३० साली केंटमधील मजुरांनी ही यंत्रे फोडली आणि दंग्यांचे लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. तरीही यंत्रे राहिली. पुढे विसाव्या शतकात कापणी व मळणी शेतातच करणारे यंत्र आले आणि जुने कोठार ओस पडले.

रिकाम्या कोठारात माणसाने संसार थाटावा, ही कल्पना साहजिकच होती. परंतु १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने तिची वाट अडविली. शहरे पसरत जाऊन खेडी गिळतील, या भयातून तो कायदा जन्मला होता. जमीन मालकाचीच राहिली, पण तिचा उपयोग बदलावयाचा तर स्थानिक संस्थेची अनुमती आवश्यक झाली. शेतीच्या उपयोगाला मात्र सूट होती. त्यामुळे कोठारात गवत भरण्यास कोणाची हरकत नव्हती. माणसाने बिछाना टाकावयाचा तर अर्ज करणे भाग होते.

जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातही, असे बंधन फार पूर्वीच आले होते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६५ व्या कलमाने शेतजमिनीवर शेतीची इमारत बांधण्यास मोकळीक दिली. अन्य उपयोगासाठी मात्र कलेक्टरची परवानगी आवश्यक केली. मायदेशात १९४७ साली आलेले तत्त्व इंग्रजांनी येथे ६८ वर्षे आधी लागू केले होते. हेतू तेवढा भिन्न होता. येथे दृष्टी साऱ्याच्या आकारणीवर होती, तेथे हिरव्या मुलुखावर.

तेथील वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. खिडक्या, धुराडे, कुंपण आणि मोटारीची जागा आली की शेताचे उपनगर होते, असे एक पक्ष म्हणतो. वापर नाही त्या छपराची कौले कोणी शाकारीत नाही आणि खेड्यातील तरुणांना घरे मिळत नाहीत, असे दुसरा म्हणतो. एप्रिल २०१४ मध्ये सरकारने दुसऱ्या पक्षास झुकते माप दिले. संपूर्ण परवानगीऐवजी पूर्वमान्यतेचा मार्ग खुला झाला. रस्ता, गोंगाट, पुराचा धोका अशा ठरावीक बाबी तपासून ५६ दिवसांत निर्णय द्यावयाचा. प्रथम तीन घरांची असलेली मर्यादा २०१८ मध्ये पाचांवर आणि मे २०२४ मध्ये दहांवर गेली. एकूण क्षेत्र १,००० चौरस मीटर व प्रत्येक घर १५० चौरस मीटरपर्यंत. राष्ट्रीय उद्याने आणि संरक्षित वास्तू यांना ही सवलत नाही.

तरीही 'रूपांतर' कशास म्हणावे, हा प्रश्न उरलाच. नॉटिंगहॅमशायरमधील तीन बाजूंनी बव्हंशी उघड्या अशा लोखंडी सांगाड्याच्या कोठाराचा वाद उच्च न्यायालयात गेला. जुन्याचे इतके थोडे उरणार असेल तर ते रूपांतर नव्हे, नवे बांधकामच होय, असा २०१६ चा निर्णय आहे. सवलत घराच्या इच्छेला नसून उभ्या असलेल्या इमारतीला आहे, हे त्याने स्पष्ट केले.

आणि परवानगी मिळाल्यावरही काही गमवावेच लागते. कोठाराचे खरे वैभव त्याच्या अखंड पोकळीत असते. खोल्या पाडल्या, मजला घातला की ती पोकळी नाहीशी होते. उफणणीच्या वाऱ्यासाठी ठेवलेल्या त्या प्रचंड दारांत पुष्कळ ठिकाणी आता काचा बसल्या आहेत. छप्पर वाचले, संध्याकाळी आत दिवा लागतो. वारा मात्र बाहेरच राहतो.