औषध घेऊनही केस आले नाहीत, तर? टकलाच्या उपचारांचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांना हसू आलं असेल. टक्कल हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. ज्याला पडतं त्याला मात्र त्यात थट्टा दिसत नाही. पंचविशीतला मुलगा आरशासमोर उभा राहून कपाळ किती मागे सरकलं ते बघतो, भांग रुंद झालेली बाई ओढणी सावरते. मग औषध सुरू होतं. सहा महिने जातात, वर्ष जातं, पैसेही जातात आणि शेवटी वाटतं, काहीच झालं नाही. आता पुढे काय?

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की, आज जे पर्याय समोर ठेवले जातात ते बहुतेक सगळे कुणाच्या तरी अपेक्षाभंगातून, नाहीतर भलत्याच आजाराच्या संशोधनातून आले आहेत. ते कसे आले हे कळलं, की त्यांच्याकडून काय मागावं आणि काय मागू नये हेही कळतं.

लेपांचा काळ

इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, टकलावर पाणघोडा, मगर, साप अशा प्राण्यांची चरबी चोळायला सांगितली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त आणि खालित्य ही नावं येतात आणि उपचारही येतात: शीर उघडून रक्त काढायचं, जागा पुन्हा पुन्हा टोचायची आणि गुंजांचा लेप द्यायचा. ही टोचण्याची गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत. आणि गुंज विषारी असते हेही लक्षात ठेवा. घरी प्रयोग नकोत.

ग्रीकांनी एक निरीक्षण मात्र फार नेमकं केलं होतं. षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असं हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत आणि ॲरिस्टॉटलकडेही आढळतं. म्हणजे सुगावा हाती होता. पण त्याचा अर्थ लागायला दोन हजारांहून अधिक वर्षं गेली. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने वृषण नसलेल्या किंवा वयात न आलेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. औषध थांबवलं तेव्हा गळणं थांबलं. पण गेलेले केस काही परत आले नाहीत. बघा, पुढच्या सगळ्या उपचारांची मर्यादा त्या एका प्रयोगात दिसली होती: थांबवता येतं, परत आणणं अवघड.

दोन औषधं, दोन अपघात

आता आज ज्या दोन औषधांवर सगळी भिस्त आहे त्यांच्याकडे येऊ. दोन्ही टकलासाठी शोधलेली नाहीत.

मिनॉक्सिडिल हे अपजॉन कंपनीचं रक्तदाबाचं औषध. कोलोरॅडोत त्याच्या चाचण्या चालू असताना रुग्णांच्या अंगावर, चेहऱ्यावर लव वाढायला लागली. डॉक्टरांच्या दृष्टीने हा दुष्परिणाम. गुंटर काह्न या त्वचारोगतज्ज्ञाला त्यातच उपयोग दिसला. त्याने द्रावण करून ते स्वतःच्या अंगावर लावून पाहिलं. १९७९ मध्ये गोळीला रक्तदाबासाठी मान्यता मिळाली आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायच्या २ टक्के द्रावणाला. कंपनीला नाव हवं होतं ‘रिगेन’, म्हणजे ‘परत मिळवा’. अमेरिकेचं औषध प्रशासन, एफडीए, म्हणालं, हे नाव फार मोठं आश्वासन देतं. मग नाव पडलं ‘रोगेन’. औषध बाजारात यायच्या आधीच अपेक्षा किती ठेवायची यावर असा वाद झाला होता!

दुसरं औषध फिनास्टेराइड. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर संशोधन प्रसिद्ध केलं. त्या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या जास्त प्रभावी हार्मोनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहत होती आणि टक्कल पडत नव्हतं. मर्क कंपनीने तेच एन्झाइम अडवणारं औषध बनवलं. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅम.

‘काहीच झालं नाही’ म्हणजे काय?

इथे थोडं थांबू, कारण आजच्या विषयाची मेख इथेच आहे. फिनास्टेराइडची जी मोठी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत १५५३ पुरुष होते. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांच्या फोटोंत सुधारणा दिसली; खोटी गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के. पण दुसरा आकडा जास्त बोलका आहे. केस मोजले तेव्हा औषधाच्या गटात ८३ टक्क्यांचे केस होते तेवढे टिकले होते किंवा वाढले होते. औषध नसलेल्या गटात हे प्रमाण २८ टक्के होतं. म्हणजे बाकीच्या ७२ टक्क्यांचे केस दोन वर्षांत कमी झाले.

आता समजा, एकाचे केस दोन वर्षांनी जसेच्या तसे आहेत. तो आरशात बघून म्हणतो, औषध फुकट गेलं. औषध न घेणारा त्याचा जुळा भाऊ शेजारी उभा असता, तर तो असं म्हणाला असता का? आपल्याला मिळालेलं दिसतं, वाचलेलं दिसत नाही. म्हणून औषध सुरू करायच्या दिवशी, त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढून ठेवायचा. मिनॉक्सिडिलला चार ते सहा महिने, फिनास्टेराइडला निदान वर्ष द्यायचं. मिनॉक्सिडिलच्या सुरुवातीला केस जास्त गळतात तेही बहुधा जुने केस जागा सोडत असल्यामुळे. पुष्कळ जण नेमके तेव्हाच घाबरून बाटली टाकून देतात.

तरीही काहींना खरोखरच उपयोग होत नाही. तेव्हा पहिला संशय औषधावर नाही, निदानावर घ्यावा. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती, थायरॉइड, रक्तातलं लोह कमी असणं, घट्ट वेण्या, टाळूचे व्रण करणारे आजार यांचं औषध वेगळं. आणि चाई हा तर प्रतिकारशक्तीने केसांच्या मुळांवर केलेला हल्ला आहे. तिच्या तीव्र प्रकारासाठी बॅरिसिटिनिब या गोळीला एफडीएची मान्यता २०२२ मध्ये मिळाली. पण ती चाईची गोळी आहे, नेहमीच्या टकलाची नव्हे.

औषधाला जोड

निदान बरोबर आहे, वेळही दिला आहे, तरी फरक नाही. का? मिनॉक्सिडिल जसं बाटलीत असतं तसं ते काम करतच नाही. केसांच्या मुळाशी सल्फोट्रान्स्फरेज नावाचं एन्झाइम त्याला मिनॉक्सिडिल सल्फेट बनवतं आणि मग ते काम करतं. हे अपजॉनच्याच संशोधकांनी १९९० च्या सुमाराला दाखवलं. ज्याच्या टाळूत हे एन्झाइम कमी, त्याच्यावर परिणाम कमी. म्हणजे ‘मी नीट लावलं नाही’ असा दोष त्या माणसाने स्वतःला दरवेळी द्यायचं कारण नाही.

या ठिकाणी आपलं मुंबई येतं. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आपण सायन हॉस्पिटल म्हणतो, डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर एक चाचणी केली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना फक्त मिनॉक्सिडिल, निम्म्यांना मिनॉक्सिडिल आणि आठवड्यातून एकदा बारीक सुयांच्या रोलरने टाळू टोचणं. बारा आठवड्यांनी मोजलेल्या जागेत वाढलेल्या केसांची सरासरी पहिल्या गटात सुमारे २२ आणि दुसऱ्या गटात ९१ होती. २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक छोटा लेख लिहिला, तो तर थेट आपल्या विषयावर: नेहमीच्या औषधांनी नवे केस न आलेल्या चार पुरुषांवर हाच उपाय. चारांनाही फरक पडला.

सुश्रुतातलं टोचणं आठवलं ना? पण लगेच ‘आपल्याकडे सगळं होतंच’ असं म्हणू नका. सुश्रुताकडे निरीक्षण होतं, सायनमध्ये तुलनेचा गट आणि केसांची मोजणी होती. आणि हेही खरं, की ती चाचणी प्राथमिक होती, बारा आठवड्यांची होती. चार माणसं म्हणजे तर केवळ सुरुवात.

दुसरी गंमत म्हणजे मिनॉक्सिडिल पुन्हा गोळीकडे वळलं. ऑस्ट्रेलियातल्या रॉडनी सिंक्लेअर यांनी २०१८ मध्ये स्त्रियांना अगदी कमी मात्रेत, पाव मिलिग्रॅम, ते स्पायरोनोलॅक्टोनबरोबर देऊन पाहिल्याचं लिहिलं आणि हा मार्ग जगभर रुळला. पण ती मुळात रक्तदाबाची गोळी आहे. पायावर सूज, धडधड, चेहऱ्यावर लव हे सगळं तिच्याबरोबर येऊ शकतं. ड्यूटास्टेराइड हा फिनास्टेराइडचा जोरकस भाऊ. दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये टकलासाठी त्याला मान्यता दिली. जोर जास्त म्हणून जोखीमही तपासायची. या गटातल्या औषधांनी काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि फिनास्टेराइडच्या बाबतीत आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये नोंदवलं. मन खचल्यासारखं वाटलं तर केसांची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. गर्भारपणात ही औषधं वर्ज्य.

रोपण आणि टोप

केशरोपणाची सुरुवात जपानमध्ये झाली. शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये भाजल्याच्या व्रणांवर केसांसकट त्वचेचे बारीक गोल तुकडे लावल्याचं लिहिलं. युद्धामुळे ते पश्चिमेत कुणी वाचलंच नाही. न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे तेच केलं आणि १९५९ मध्ये मांडलं: मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, गळत नाही. सगळं केशरोपण या वाक्यावर उभं आहे. पण यात नवा केस एकही तयार होत नाही. मागचा साठा पुढे आणला जातो आणि तो संपणारा आहे. शिवाय आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहतात, म्हणून बहुतेकांना औषध चालूच ठेवावं लागतं. विशीतच घाईने पुढची रेषा भरून घेतली आणि मागचं रान मोकळं झालं, तर चाळिशीत पुढे केसांचं एक बेट उरतं. आणि ही शस्त्रक्रिया आहे. ती कुणी करावी याच्या सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढल्या, त्या उगाच नाहीत. डॉक्टरांचं नाव, शिक्षण आणि प्रत्यक्ष सुरी कोण धरणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

झाकणं हाही उपायच. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजांनी टोप चढवला आणि युरोपभर त्याची प्रतिष्ठा झाली. १७९५ मध्ये ब्रिटनने त्यावरच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला, तशी ती फॅशन आणखी ओसरली. आपल्याकडे रंगभूमीवर टोप आणि घरात गंगावन होतंच. त्यात कमीपणा तेव्हाही नव्हता, आताही मानू नये.

जाहिरातींबद्दल एकच सांगतो. आपल्या औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये ज्या आजारांवर इलाजाचा दावा औषधाने करू नये, त्या यादीत टक्कल आहे. तेव्हा ‘शंभर टक्के खात्री’ हे शब्द दिसले, की खिशावर हात ठेवा.

तर क्रम असा: आधी फोटो काढून मोजा, मग निदान तपासा, मग जोड उपाय, मग रोपण किंवा टोप. आणि यातल्या कुठल्याही पायरीवर ‘आता पुरे’ म्हणून थांबता येतं. कात्री लावून डोकं गुळगुळीत करून घेणाऱ्याने हार मानली असं समजायचं कारण नाही. त्याने हिशेब मांडला आणि त्याला तो परवडला नाही, एवढंच. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.