बोरिअलोपेल्टा : उत्तरेकडील ढाल

क्रिटेशस कालखंडातील हा चिलखती, शाकाहारी डायनोसॉर सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम कॅनडात वावरत होता. त्याची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि वजन १,३०० किलोच्या घरात असावे. तो नोडोसॉर कुळातील असल्याने त्याच्या शेपटीला गदेसारखा गोळा नव्हता. खांद्यांवर मात्र लांब काटे होते.

२०११ च्या मार्चमध्ये आल्बर्टा प्रांतातील फोर्ट मॅकमरेजवळच्या तेलवाळूच्या खाणीत शॉन फंक या यंत्रचालकाला त्याचा जीवाश्म आढळला. जमिनीवरच्या या प्राण्याचे कलेवर वाहत समुद्रात गेले आणि तळाच्या गाळात उताणे रुतले. अशा डायनोसॉरांच्या एरवी विखुरलेल्या चकत्याच हाती लागतात. येथे डोक्यापासून कमरेपर्यंतचे चिलखत जागच्या जागी टिकले, त्वचेसह. रॉयल टायरेल संग्रहालयातील मार्क मिचेल यांनी सुमारे ७,००० तास खपून ते खडकातून मोकळे केले. २०१७ च्या नामकरणात त्यांचे नाव या प्रजातीला मिळाले, हे योग्यच झाले.

रासायनिक परीक्षणावरून त्याची पाठ तांबूस तपकिरी आणि पोटाकडची बाजू फिकी असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. अशी रंगछटा प्राण्याला दडण्यास उपयोगी पडते. हत्ती, गेंडे यांसारख्या आजच्या अवाढव्य शाकाहारी प्राण्यांना तिची गरज भासत नाही. याला मात्र एवढे चिलखत असूनही लपावे लागत होते. त्या काळचे मांसाहारी डायनोसॉर तितके प्रबळ होते.

त्याच्या पोटात शेवटचे खाणेही सापडले. त्यात मुख्यतः नेच्यांची पाने आणि थोडा लोणारी कोळसा होता. वणव्यानंतर नव्याने फुटलेल्या हिरवळीवर तो चरत असावा.