सोनारानेच कान का टोचायचे? टोचलेल्या कानाचा इतिहास आणि आपला देह

"सोनारानेच कान टोचावे लागतात" ही म्हण आपण घरात, शाळेत, सभेत शेकडो वेळा ऐकली आहे. सांगणारा अधिकारी असेल तरच ऐकणाऱ्याला पटते, असा तिचा अर्थ. आम्ही मात्र या म्हणीलाच प्रश्न विचारणार आहोत. कोणाच्या कानात सोने आणि कोणाच्या कानात लोखंड, हे ठरवले कोणी? टोचायचे की नाही, हे ज्याचा कान त्याला कधी कोणी विचारले का?

आज हा प्रश्न विचारण्याचे कारण आहे. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, कुठेही जा. आपली मुले-मुली कान, नाक, भुवई टोचून घेताना दिसतात. कोणी जत्रेत टोचते, कोणी मोबाईलच्या दुकानाशेजारच्या टपरीत. त्यावर घरातले वडीलधारे म्हणतात, "बाबासाहेबांनी दागिने टाकायला सांगितले आणि ही पोरे नाकात रिंगा घालतात." पोरे म्हणतात, "आमचे शरीर, आमची मर्जी." दोघांच्याही बोलण्यात अर्धे सत्य आहे. पूर्ण सत्यासाठी इतिहासाकडे जावे लागेल.

धातू ठरवणारा कायदा

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून पाहा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे घालावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि अलंकार घालायचे तर लोखंडाचे घालावेत, असे तिथे सांगितले आहे. दागिना ही हौस आहे असे आपण समजतो. व्यवस्थेच्या दृष्टीने तो ओळखपत्र होता. लांबून पाहिल्याबरोबर कळले पाहिजे की समोरून येतो आहे तो कोण.

आणि ज्या सोनाराचा अधिकार म्हण सांगते, त्याला तरी मनूने कुठे सोडले? चौथ्या अध्यायात सोनाराचे अन्न निषिद्ध आहे, ते आयुष्य कमी करते म्हणे. वैद्याचे अन्न तर पू मानले आहे. पेशवाईत सोनारांनी ब्राह्मणांसारखे धोतर नेसले आणि 'नमस्कार' म्हटले, तर तेही सहन झाले नाही. मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनही त्याविरुद्ध हुकूम काढून घेतला गेला. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे उदाहरण दिले आहे. म्हणजे कान टोचणारा हात हवा होता, पण त्या हाताचा मान नको होता.

त्याच ग्रंथात इंदूर भागातल्या बलाईंची हकीकत आहे. १९२८ साली पंधरापेक्षा अधिक गावांतल्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, हा त्यातला एक. ज्यांनी नकार दिला त्यांच्यावर बहिष्कार पडला, विहिरी बंद झाल्या, गाव सोडायची वेळ आली. एका बाजूला लोखंड सक्तीचे, दुसऱ्या बाजूला सोने बंद. दोन्ही नियमांचे काम एकच, माणसाच्या अंगावर जात कोरणे.

केरळात हा लढा थेट नाकावर झाला. १८६० च्या सुमारास पंदळमच्या बाजारात एका अवर्ण स्त्रीने सोन्याची मुक्कुत्ती, म्हणजे आपली चमकी, घातली म्हणून ती तिच्या नाकातून ओरबाडून काढण्यात आली. आराट्टुपुळा वेलायुध पणिक्कर यांनी चमक्यांचे गाठोडेच आणले आणि तिथल्या स्त्रियांना घालायला दिले. हाच तो 'मुक्कुत्ती समर'. पुढे १९१५ साली अय्यनकाळींच्या हाकेवर पुलय स्त्रियांनी भर सभेत गळ्यातल्या दगडी माळा तोडून टाकल्या. एकीकडे दागिना घालणे म्हणजे बंड, दुसरीकडे दागिना फेकणे म्हणजे बंड. विसंगती वाटते ना? पण विसंगती नाही. दोन्हीकडे निर्णय स्त्रियांनी आपल्या हातात घेतला.

बाबासाहेब नेमके काय म्हणाले

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. गळाभर आणि हातभर घातलेले ते जड, हलक्या धातूचे दागिने तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहेत, त्या खुणा टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असेही त्यांनी सांगितले. हे 'दागिना पाप आहे' असे प्रवचन नव्हते. त्यांचा रोख खुणेवर होता.

आपल्या जिल्ह्यानेही त्यांचा हा विचार प्रत्यक्ष ऐकला आहे. निजामाच्या राजवटीत, फेब्रुवारी १९४१ मध्ये, कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले. वतन म्हणजे काय? गावाने हाक मारली की ऊन-पाऊस न बघता देह हजर करायचा. वतनाने श्रमाला बांधले आणि दागिन्याच्या नियमाने कातडीला. वतनाविरुद्धची लढाई आणि खुणेविरुद्धची लढाई या एकाच देहाच्या दोन लढाया होत्या.

सुईमागचे ज्ञान कोणाचे?

'आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' म्हणणारे लगेच सुश्रुतसंहिता पुढे करतात. तर तीही वाचू. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचण्याची रीत आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावे. मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी. पाळी उन्हाकडे धरून जिथून प्रकाश आरपार दिसतो त्या पातळ जागी सुई घालावी. फार रक्त आले, फार दुखले तर जागा चुकली असे समजावे. छिद्रात कापसाची वात ठेवून तेल सोडावे आणि दर तीन दिवसांनी वात जाड करत जावी. कान टोचण्याचे हेतूही दोन सांगितले आहेत, रक्षण आणि शोभा.

यातले निरीक्षण उत्तम आहे. उजेडात पाळी पाहण्याची युक्ती कोणालाही पटेल. पण 'रक्षणा'चा दावा कशावर टिकतो? तथागतांनी कालामांना सांगितले की ग्रंथात आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून मानू नका. तीच कसोटी इथे लावायची.

आणि एक प्रश्न राहतोच. वैद्याच्या अन्नाला पू म्हणणाऱ्या समाजात रक्ता-पुवाला हात लावणारी शस्त्रक्रिया टिकली कोणाकडे? १७९२ साली टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून त्याचे नाक नव्याने उभे करण्यात आले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली आणि युरोपातले शल्यविशारद ती पाहून शिकले. नाक उभे करणारा माणूस वीटा-मडकी करणाऱ्या जातीचा होता, असे तिथे नोंदले आहे. रुग्णाचे नाव जगाला माहीत आहे, करणाऱ्याचे नाही. गोरोबा कुंभारांच्या तेरचे आपण लोक. आपल्याला यात नवल वाटू नये, राग यावा.

तेरचा विषय निघालाच आहे तर तेही सांगू. प्राचीन तगर ते हेच. इथे बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, आणि त्रिविक्रम मंदिराची वास्तू मूळची चैत्यगृहाच्या घडणीची आहे. सातवाहन काळच्या मृण्मूर्तींच्या कानांत मोठमोठी कर्णभूषणे दिसतात. स्त्री-पुरुष दोघेही कान टोचत. आता बुद्धमूर्तीचे कान आठवा. पाळ्या लांब, पण रिकाम्या. राजपुत्राची जड कुंडले उतरली, छिद्र उरले. आपल्या परंपरेत टोचलेला कान लाजिरवाणा नाही. कानात काय घालायचे आणि काय उतरवायचे, हे ज्याचे त्याने विचारपूर्वक ठरवले, ही गोष्ट मोठी.

नवस नको, लस हवी

मूल जगत नसेल तर पुढच्या मुलाचे नाक टोचायचे आणि नाव 'नथू' ठेवायचे. भीक मागून आणलेल्या पैशांतून बाळी करायची. मृत्यूच्या भीतीतून आलेल्या या रीती. आम्ही त्या आईबापांना हसणार नाही. बाबासाहेब आणि रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे गमावली. पण नाकातल्या तारेने मूल वाचत नाही, लसीने वाचते.

आजही आपल्याकडे बाराव्या दिवशी बाळाचे कान टोचतात. हिशेब करा. धनुर्वाताविरुद्धची बाळाची पहिली लस सहाव्या आठवड्यात असते, नंतर दहाव्या आणि चौदाव्या. म्हणजे बाराव्या दिवशी बाळाकडे आईकडून मिळालेल्या संरक्षणाखेरीज काहीच नसते. निदान हे डोस पूर्ण होईपर्यंत थांबा. त्याहून चांगले म्हणजे मूल मोठे होऊन स्वतः 'हो' म्हणेपर्यंत थांबा.

तरुणांमध्ये आज भिकबाळीची हौस आहे. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर ती वाढली. पेशवाईचा थाट भीमा कोरेगावला मानवंदना देणाऱ्यांनी कानात मिरवावा का, हे ज्याने त्याने ठरवावे. पण एक शरीरशास्त्र ध्यानात ठेवा. भिकबाळी कानाच्या वरच्या भागात, कूर्चेत घालतात. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला काही महिने लागतात.

म्हणून टोचणारच असाल तर अधिकाराने विचारा. सुई नवी, पाकीटबंद आहे का? टोचणाऱ्याने हात धुऊन नवे हातमोजे घातले का? एकच सुई दोघांना वापरली तर कावीळ-बी, कावीळ-सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. स्प्रिंगच्या बंदुकीने कूर्चा कधीच टोचू नका. ती बंदूक नीट निर्जंतुक होत नाही आणि ऊतक चेचते. पहिला दागिना टायटॅनियमचा किंवा चांगल्या सोन्याचा हवा. स्वस्त इमिटेशनमधल्या निकेलने खाज सुटते, पाणी सुटते. घरात कोणाला जखमेवर गाठी, म्हणजे केलॉइड, येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

टोचल्यावर हात धुतल्याशिवाय स्पर्श नको. दिवसातून दोनदा औषध दुकानातल्या नॉर्मल सलाईनने धुवा आणि स्वच्छ कपड्याने टिपून घ्या. हळद, तेल, राख, शेण काही लावू नका. दागिना सतत फिरवू नका, खपली नखाने काढू नका. जखम भरेपर्यंत विहिरीत, तळ्यात पोहू नका. ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्या बहिणींनी हंगाम संपल्यावर टोचावे. धूळ, घाम आणि डोक्यावरची मोळी जखमेला जगू देत नाहीत. लाली पसरली, पू आला, ताप आला तर दागिना स्वतः उपसू नका, छिद्र बुजून पू आत अडकतो. थेट सरकारी दवाखाना गाठा. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

आणि सोन्याला पैसे नाहीत म्हणून गरीब आईने लेकीच्या कानात कडुनिंबाची किंवा केरसुणीची काडी घातली, तर तिला नावे ठेवू नका. ज्या व्यवस्थेने तिच्या आजीच्या सोन्यावर बंदी घातली, तिला नावे ठेवा. आणि त्या लेकीला स्वच्छ सुई, लस आणि शाळा मिळेल याची व्यवस्था करा.

म्हण बदलायची वेळ आली आहे. कान सोनारानेच टोचावेत असे काही नाही. ज्याचा कान, त्याचा निर्णय; आणि जो टोचेल, त्याचे हात स्वच्छ.

जय भीम! जय संविधान!